एकाच गावच्या टिटव्या

अवसरी बुद्रुक,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय पप्पूदादा,

दसऱ्याला चिमाजीमामाच्या हाती घरी पाठवलेल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, की अपघाताच्या वेळी तुझ्या गाडीतली इशाऱ्याची डबी बंद होती. ते चूक आहे. डबी चालू होती. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण तू रागानं पुढचं पत्र दुमडून खिशात टाकलंस तरी एवढं तुझ्यापर्यंत पोचलेलं असावं. हिरवा दिवा लागलेला होता आणि तू तो बंद केला नव्हतास.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुला माझं बारीक अक्षर वाचायला त्रास होतो हे मला माहीत आहे, पण मागच्या वेळी घाईत विसरले. आबांनी मला शाळेसाठी आत्याकडे ठेवलं आणि तुला मेंढरांमागे नेलं, तेव्हा सुट्टीत मी तळावर आले की तू म्हणायचास, "सुपे, आज काय शिकिवलं ते मला बी दाव." राखेत बोटानं अक्षरं काढून मी तुला शिकवलं. त्यामुळे तुझं वाचन माझ्यामुळे आणि माझी शाळा तुझ्यामुळे, हा हिशेब आपल्यात कधी मिटायचा नाही. मिटवायचाही नाही.

फोन तू घेत नाहीस, म्हणून पत्र. चिमाजीमामा पीठ-मीठ घेऊन मढला येतोय, म्हणाला तुमची मेंढरं अजून घाट उतरलेली नाहीत. घरचं सगळं ठीक आहे. श्रेया पहिलीत रमली, बाईंना सांगते की माझे पप्पा मेंढरांच्या कंपनीत आहेत. आबांचा गुडघा तसाच. आणि एक बातमी तुला कुणी दिली नसेल: आशावहिनी स्कूटी शिकली. ओढ्याच्या कडेला दोनदा पडली, तिसऱ्यांदा श्रेयाला मागे बसवून थेट नारायणगावला जाऊन आली. आई अजून तिच्याशी नीट बोलत नाही. ही स्कूटी पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

आता मुद्द्यावर येते. आमच्या डबीवाल्या कंपनीचा अपघाताचा अहवाल तयार झालाय. आमचे टेमघरे साहेब तो बाजार समितीच्या आवारात सगळ्या गाडीवाल्यांपुढे वाचून दाखवणार आहेत. त्यात लिहिलंय, की चालकानं डबी बंद ठेवल्यामुळे गेणभाऊच्या ट्रॅक्टरला इशारा मिळाला नाही. तो एकदा वाचला गेला की गाडीवाल्यांची संघटना तुझी पिकअप टोमॅटोच्या रांगेतून कायमची काढणार, असं दादाभाऊंनी आधीच बोलून दाखवलंय. आणि मग जन्मभर खोडदमध्ये तुझं नाव निघालं की लोक म्हणतील, यानंच गेणभाऊचा पाय मोडला. अहवालाखाली एक सही माझी हवी आहे, कारण डब्यांची चाचणी मी घेतली होती.

टेमघरे साहेब खोटारडे नाहीत, हे आधी लिहिते, म्हणजे माझ्याकडून त्यांच्यावर अन्याय नको. अपघातानंतर ते आले, गाडीत डोकावले, डबीचा दिवा विझलेला दिसला. त्यांनी फोटो काढले आणि जे दिसलं त्यावरून लिहिलं. मीही तेच धरून चालले. सगळ्यांना विचारलं, फक्त तुला विचारलं नाही. त्यावर इथे रडत बसत नाही, रडण्यासाठी हे पत्र नाही.

दिवाळीचा फराळ घेऊन मी गेणभाऊंकडे गेले. खरं सांगायचं तर दारापर्यंत जाऊन एकदा परत फिरले होते. रतनबाईंनी ओट्यावरून मला पाहिलं आणि म्हणाल्या, "आली का कंपनीवाली? आता काय आमच्या गाईच्या गळ्यात बी डबी बांधतीस का?" मी म्हटलं, नाही काकू, चिवडा आणलाय. "चिवडा ठिव तिथं. ह्यांच्या पायात सळई हाय, त्ये चिवड्यानं निघनार न्हाई." गेणभाऊ आतून ओरडले, "आगं येऊ दे की पोरीला, माजा पाय काय तिनं मोडला?" मग ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण एक शब्दही माझ्या पदरचा नको.

ते म्हणाले, "मी मडगार्डखाली अडकलेला. डोळं उघडं व्हतं माजं. तुज्या भावाच्या गाडीची काच म्होरं, आन् काचंतनं हिरवा दिवा दिसतोय. म्या मनात म्हनलं, आरं मुडद्या, आता तरी वरड की! मग डिझेलचा वास सुटला. पप्पूनं बोनेट उचाकलं, बॅटरीची वायर उपटली, आन् मंग मला वढाया आला. त्यानं आदी वायर काढली म्हनून मी भाजलो न्हाई."

मी विचारलं, हे तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं? तर म्हणाले, "मला कोन इचारलं? मी दवाखान्यात. मला म्हनले पोरानं डबी बंद केली व्हती. मला वाटलं, वायर उपटली त्येच म्हनत्यात. मी म्हनलं, व्हय, केली व्हती." आणि वर म्हणाले, "पर माजी तरी कुटं वरडली? माज्या बी ट्रॅक्टरला व्हतीच की टिटवी."

दादा, त्यांचं ते शेवटचं बोलणं मी घरी येईपर्यंत घोकत राहिले. तुझी डबी बंद होती असं मानलं तर त्यांची का ओरडली नाही हा प्रश्नच उरत नव्हता, तुझी बोललीच नाही तर त्यांच्या डबीला ऐकू काय येणार? पण तुझी चालू असेल, तर दोन्ही डब्या चालू होत्या, दोन्ही गाड्या एकमेकींवर येत होत्या आणि दोन्ही गप्प राहिल्या.

ही डबी नेमकं काय करते, हे तुम्हाला कुणी धड सांगितलंच नाही. बसवणारा पोरगा आला, दोन स्क्रू आवळले, "दिवा हिरवा असला की झालं" म्हणून निघून गेला. तर ऐक. ती सेकंदाला कितीतरी वेळा रेडिओवर बोलत असते: मी इथं आहे, या बाजूला चाललेय, एवढ्या वेगानं. आणि तितक्याच वेळा दुसऱ्यांचं ऐकत असते. दुसरी गाडी आडवी येतेय असं तिला ऐकू आलं की ती कर्कश ओरडते, म्हणून तर तुम्ही लोकांनी तिचं नाव टिटवी ठेवलं. आबांना ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. "टिटवी वरडली की कायतरी वंगाळ व्हतं, आन् तुमी ती गाडीतच पाळली!" पण वंगाळ तेव्हा झालं जेव्हा ती ओरडली नाही.

बोलण्यासाठी तिला वाट लागते, तिला आम्ही चॅनेल म्हणतो. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं, कुणालाच काही कळत नाही. म्हणून प्रत्येक डबी आधी कानोसा घेते, कुणी बोलत नसेल तर बोलते, नाहीतर थांबते. आपल्याकडे असे चॅनेल तीनच; डबी बोलते तिला दिलेल्या एकावर, ऐकते मात्र तिन्हींवर. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटिना आकाशातलं इतकं बारीक ऐकतात की त्यांच्या आसपास रेडिओचा गोंगाट करायचा नाही, म्हणून आम्ही तीनच घेतले आणि आवाजही लहान ठेवला. त्यात त्या दुर्बिणीवाल्यांचं काही चुकलेलं नाही. उलट गोंगाट म्हणजे काय हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

मग हे तीन चॅनेल कुणाला कुठला द्यायचा? तुला ती बैठक आठवत असेल, तू मागे भिंतीला टेकून उभा होतास. दादाभाऊ म्हणाले, "गावावार द्या. बाजारात उतरवायची पाळी गावावार, पार्किंग गावावार, मग ह्ये बी गावावार." सगळ्यांनी माना डोलावल्या. टेमघरे साहेबांना ते सोपं वाटलं, मलाही वाटलं. खोडदला पहिला, येडगावला दुसरा, बाकीच्यांना तिसरा. पहिला नंबर मिळाला म्हणून खोडदच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास, मी पाहिलं.

आणि मग चाचणी. चाचणीला कुणाच्या गाड्या घ्यायच्या यावरून रुसवे-फुगवे झाले. खोडदच्या दोन घेतल्या तर येडगाव म्हणणार आमची एकच का. म्हणून मान राखायचा तर प्रत्येक चॅनेलची एकच गाडी, असं ठरलं. नारळ फुटला, त्या मोजक्या गाड्या वळणावर फिरल्या, एकूणएक टिटवी वेळेवर ओरडली. ओरडणारच! प्रत्येकीला अख्खा चॅनेल मोकळा होता. मान सगळ्यांचा राखला, पण गर्दी कशी असते ते डब्यांना दाखवलंच नाही.

खरी गर्दी कशी येते ते तुला सांगायला नको. खोडदच्या गाड्या पहाटे भैरवनाथाच्या देवळापुढे जमतात, पहिला टोमॅटो पायरीवर ठेवतात आणि एकामागे एक निघतात. एकटा कुणी जात नाही, एकटा गेला तर आगाऊ म्हणतात. म्हणजे एकाच गावच्या गाड्या, एकाच रस्त्यावर, एकमेकींना चिकटून, आणि सगळ्या एकाच चॅनेलवर, मग बोलायची पाळी कुणाची येणार? तू त्या दिवशी वस्तीवरून उशिरा निघालास आणि कालव्याच्या रस्त्यानं रांगेला मिळायला आलास. कोपऱ्यावर डोक्याएवढा उंच ऊस. रांगेच्या शेवटी गेणभाऊ. त्याच वेळी येडगावची एखादी गाडी आली असती तर तुझी टिटवी बोंबलली असती. आपल्याच गावची आली म्हणून ती गप्प राहिली.

असं मला वाटलं. पण वाटणं आणि असणं यात फरक आहे, आणि एकदा मी वाटण्यावर तुला पत्र लिहून बसले होते. म्हणून भाऊबीजेनंतर वहिनीला घेऊन त्या वळणावर गेले. वहिनी कालव्याच्या रस्त्यावर स्कूटीवर, तिच्यापुढे पिशवीत एक डबी आणि बॅटरी. मी मोठ्या रस्त्यावर उसाच्या आड दुसरी डबी घेऊन. दोन्ही पहिल्या चॅनेलवर. रांग यायच्या आधी वहिनी आली, टिटवी ओरडली, इतकी की बांधावरचे बगळे उडाले. मग रांग आली. त्याच वेळी वहिनी परत त्याच रस्त्यानं आली. हिरवा दिवा, आणि चिडीचूप. वहिनी माझ्या अंगावर येऊन थांबली तरी चिडीचूप. रांग पुढे निघून गेली, पुन्हा करून पाहिलं, पुन्हा ओरडली. वहिनी म्हणाली, "वन्सं, ही टिटवी गर्दीत लाजती जनू." मी हसले नाही. नंतर आम्ही ते रोज सकाळी केलं, डब्या अदलून बदलून, बॅटऱ्या बदलून, कारण डबीच बिघडलेली असेल तर? बिघडलेली नव्हती. मग खोडदच्या रांगेत शिरताना वहिनीची डबी दुसऱ्या चॅनेलवर टाकली. ओरडली. मी रस्त्यात उभी राहून ओरडले, तिच्याहून मोठ्यानं.

तुला ती रंगाची गंमत आठवते? आबांची आणि काकांची मेंढरं घाटापर्यंत एकत्र जायची. आबांच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा लाल पट्टा, काकांच्या निळा. निळा नव्हे, हिरवा, निळा चिमाजीमामाचा. आणि दूर भीमाशंकरच्या अंगाला जाणाऱ्या कुणाचा तरी लालच होता, पण त्याची आपली गाठ पडायची नाही, म्हणून ते चालायचं. एकदा काका जेवायला बसले होते तेव्हा तू त्यांच्या कोकरांना लाल पट्टे ओढलेस. का, तर म्हणे "भावाभावांत येगळा रंग कशाला?" ती आबांच्या कळपात हाकली गेली, अख्खा दिवस मेंढ्या आणि कोकरं एकमेकांना हुडकत बेंबें करत राहिली आणि आबांनी तुला काठी घेऊन माळभर पळवलं. पळता पळता तू ओरडत होतास, "आवं मी समेट करीत व्हतो!" आम्ही बैठकीत तेच केलं, दादा. जे दूर असतात त्यांचा रंग एक असला तरी बिघडत नाही. जे अंगाला अंग लावून चालतात त्यांचाच वेगळा लागतो. तू मार खाऊन शिकलास, मी चार वर्षं इथं अवसरीला इंजिनिअरिंग शिकून, त्यावर नोकरी करून, टाळ्या वाजवून विसरले.

उपाय काही मोठा नाही. चॅनेल गावावार नको, रांगेवार हवा. देवळापुढे उभं राहताना पहिलीला एक, तिच्या मागचीला दोन, तिच्या मागचीला तीन, पुन्हा एक. आणि उभी असलेली गाडी सारखी बोलत राहते ते कमी करायचं, उभ्या गाडीनं काय एवढं सांगायचं असतं? एवढ्यानं सगळंच सुटेल असं मी म्हणत नाही. गाड्या अजून वाढल्या तर पुन्हा बघावं लागेल. पण त्या वळणावर, त्या रांगेत, आज ती ओरडते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हे सगळं घेऊन मी पुण्याला टेमघरे साहेबांकडे गेले. एसटीत बोलायचं पाठ करत होते, शेजारची बाई सारखी माझ्याकडे बघत होती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुप्रिया, चाचणी तूच घेतलीस. एकही डबी चुकली नव्हती. आता भाऊ अडकला म्हणून ती चाचणी खोटी?" मी म्हटलं, "चाचणी खोटी नव्हती सर. अपुरी होती. आपण तिला गर्दी दाखवलीच नाही." ते म्हणाले, पुढच्या महिन्यात आंबेगावच्या गाड्यांना डब्या लागायच्या आहेत, मंचरपासून अवसरीपर्यंत यादी तयार आहे, गावावार. आता शंका काढली तर सगळं थांबेल. मी म्हटलं, थांबू दे. ते अगदी मायेनं म्हणाले, "तू अहवाल वाचायच्या दिवशी रजा टाक. सही मी दुसऱ्या कुणाची घेतो. नोकरी सांभाळ. तुमच्या घरातली पहिलीच ना तू?"

पहिलीच, दादा. म्हणून तर भीती वाटते. आबा अजून लोकांना सांगतात, "आमची सुपी रेडिओची डाक्तरीन हाय." ही नोकरी गेली तर मला दुसरी मिळेल की नाही, माहीत नाही. मला रात्रभर वाटत राहतं की माझं कुठेतरी काहीतरी चुकलंय, एखादी तार, एखादा आकडा. पण साहेबांनी 'पहिलीच ना तू' म्हटलं तेव्हा मला घाबरायला हवं होतं आणि मला राग आला. पहिली आहे म्हणून मी गप्प बसायचं? तू पाटी सोडून काठी हातात घेतलीस ती मी गप्प बसायला शिकावं म्हणून? मी उठले आणि म्हटलं, "रजा टाकलीय सर. पण येणार आहे. बाजार सगळ्यांचा आहे, आणि मी खोडदची आहे." बाहेर येऊन जिन्यात बसले. पण म्हटलेलं मागे घेतलं नाही, घेणारही नाही. अहवालावर सही करणार नाही. चाचणीत आम्ही सगळे कुठे चुकलो तेही तिथंच सांगणार आहे, त्यात माझं नाव पहिलं घेणार आहे. मग दुसऱ्याचं घ्यायला लाज वाटत नाही.

दादाभाऊंकडे गेले तर ते आधी भडकलेच. "खोडदच्या गाडीत येडगावचा चॅनेल? आगं लोक म्हनतील, सुपीनं गाव मोडलं. एक नंबर आमचा, त्यो आमी सोडनार न्हाई!" मी म्हटलं, दादाभाऊ, एका घरातली पाच माणसं एकदम बोलली तर कुणाचं ऐकू येतं? ते म्हणाले, "आमच्या घरात रोजच बोलत्यात. कुनाचंच न्हाई." आणि मग स्वतःच हसले. शेवटी म्हणाले, "दाव. सगळ्यांम्होरं, त्याच वळनावर, बाजाराच्या येळंला. जमलं तर मी सोता अहवाल फाडतो. न्हाई जमलं तर राव, परत बाजारात पाऊल ठिवायचं न्हाई, तू बी आन् तुजा भाऊ बी." मी हो म्हटलं. तुला न विचारता तुझ्या वतीनंही हो म्हटलं. एवढा हक्क घेतला.

तर अहवाल वाचायच्या दिवशीच सकाळी, असं ठरलंय. आधी रांग आहे तशी जाईल, सगळे पहिल्या चॅनेलवर, आणि कालव्याच्या रस्त्यानं एक पिकअप येईल. लोक उसाच्या कडेला उभे राहून बघतील की दिवे हिरवे आहेत आणि टिटव्या मुक्या. मग मी चॅनेल बदलीन आणि तीच पिकअप पुन्हा येईल. गाडी वळणाच्या बरीच अलीकडे, बाभळीपाशी थांबवायची, तिथं चुन्याची रेघ मारून ठेवीन, पुढे कुणाला धोका नाही. डब्या ज्याच्या त्याच्या मालकीच्या, म्हणून प्रत्येक गाडीवाल्याला मी घरी जाऊन विचारलंय. दोघं-तिघं नाही म्हणाले, त्यांच्या डबीला हात लावणार नाही. गेणभाऊ ट्रॅक्टरवर बसणार आहेत, पुतण्या चालवील. रतनबाई म्हणाल्या, "बसा, दुसरा पाय बी मोडून घ्या," आणि लगेच मला विचारलं, "सकाळी चहा कितीजनांचा टाकू?" ऊसतोडीची टोळी त्याच आठवड्यात येणार आहे. ऊस पडला की वळण उघडं होईल आणि मग सगळे म्हणतील, इथं तर लांबूनच दिसतं, कसली टिटवी आणि कसलं काय. म्हणून थांबता येत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते लिहिते. परवा वळणावरून परतताना वहिनीनं स्कूटी थांबवली आणि मला सांगितलं, की दसऱ्यानंतर मेंढरांमागे जाताना तू तिला म्हणालास, "मीच बंद केली आसंल गं. सगळीच म्हनत्यात. सुपीनं बी लिवलंय." तिनं ते इतके दिवस पोटात ठेवलं होतं. दादा, तू स्वतःच्या हातानं न केलेली गोष्ट माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून खरी मानलीस, आणि त्या दिवसापासून स्टेअरिंगला हात लावला नाहीस. म्हणून तेच अक्षर आता तुला सांगतंय: तुझ्या हातानं फक्त बॅटरीची वायर उपटली, आणि एक माणूस जळायचा वाचला. ती पिकअप चालवायला दुसरा कुणी मिळेल. वहिनीसुद्धा म्हणाली, मी चालवते, आणि तिचं काही सांगता येत नाही. पण मला दुसरा कुणी नको. त्या रस्त्यानं, त्या बाजूनं, सगळ्या गावादेखत तूच यायला हवंस, आणि टिटवी ओरडलेली आधी तुझ्या कानांनी ऐकायला हवीस. तुझ्या वाटणीची मेंढरं चिमाजीमामा सांभाळील, मी त्याच्याशी बोललेय. त्यानं मोटरसायकलवरून तुला सोमवारी, १७ तारखेला संध्याकाळी आणायचं कबूल केलंय. तू नाही आलास तरी मी त्या वळणावर उभी असणार आहे. पण ये. पिकअप दुरुस्त करून, धुऊन, डिझेल भरून दारात लावलीय, किल्ली आईनं भैरवनाथाच्या फोटोमागे ठेवलीय. दिवस ध्यानात ठेव: मंगळवार, १८ नोव्हेंबर.

तुझीच राखेतली मास्तरीण,
सुपी